ठेवणाऱ्याची सही

९ जानेवारी

वहिनी,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहितात ते मला ठाऊक आहे. पण मी साष्टांग बिष्टांग लिहिलं तर तुला खरं वाटणार नाही, आणि खुशाली विचारायचं माझं तोंड नाही. म्हणून नुसतं वहिनी. तुला तीनदा फोन केला, तीनदा तू कापलास. पत्र कापता येत नाही, फार तर फाडता येतं. पण लिहिलेला कागद तू न वाचता फाडणार नाहीस एवढी माझी खात्री आहे. माझ्या वह्यासुद्धा तू शेवटच्या पानापर्यंत वाचायचीस, आणि त्या वह्यांत काय असायचं ते आपल्या दोघांनाच माहीत.

दोन वर्षांत मी सहा ठिकाणं बदलली. भिरभिऱ्या हे नाव तूच ठेवलं होतंस, मी ते खोटं पाडलेलं नाही. सध्या एका घरसामान हलवणाऱ्या कंपनीत आहे. लोक घर बदलतात, आम्ही त्यांचं सगळं खोक्यांत भरतो आणि नव्या घरात नेऊन लावून देतो. चार महिने टिकलोय. हसू नकोस, माझ्या हिशेबानं हा विक्रम आहे. लोकांच्या फ्रिजच्या मागे काय काय सापडतं याच्यावर मी एक वेगळं पत्र लिहीन. काल एका बाईंचा अकरा वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा सापडला. त्यांनी तो घातला आणि म्हणाल्या, अरेच्चा, यातून काहीच दिसत नाही.

बरं. कंपनीची पाटी आहे, ‘जसं होतं तसं’. म्हणजे नव्या घरात गिऱ्हाइकाला उशाचा दिवा उशालाच मिळाला पाहिजे. त्यासाठी भरायच्या आधी आम्ही प्रत्येक खोलीचा एक कागद करतो. आम्ही त्याला जागेचा कागद म्हणतो. पहिल्या रकान्यात वस्तू, दुसऱ्यात ती कुठं होती, आणि नव्या घरात लावून झाल्यावर तिसऱ्यात ठेवणाऱ्याची सही. काही फुटलं, हरवलं, चुकलं तर मुकादम सगळ्यांवर ओरडत बसत नाही. सही बघतो आणि त्या माणसाला हाक मारतो.

कागद इंग्रजीत लिहायचा असतो, कारण आमच्या गटात चार माणसं आणि चार भाषा. आता तुझ्या लक्षात आलं असेल माझं घोडं कुठं अडलं ते. पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं, घड्याळ इन द वॉल. माझ्याबरोबर लंबू म्हणून एक जण आहे, सहा फूट दोन इंच आणि सगळी उंची टिंगलीत गेलेली. तो नव्या घरात हातोडा घेऊन उभा राहिला आणि मुकादमाला विचारू लागला, भिंत किती खोल फोडू? तेव्हा मुकादमानं मला संध्याकाळच्या क्लासला घातलं.

आणि क्लासच्या पहिल्या दिवशी मला तुझी काड्यापेटी आठवली. जेवणाच्या टेबलावर तू ती ठेवायचीस, दादाच्या शर्टाचं एक तुटकं बटण घ्यायचीस आणि विचारायचीस, बटण कुठं आहे? पेटीत, पेटीवर, पेटीखाली, पेटीमागं. तुझ्या शिकवणीची सातवीतली पोरं पटापट सांगायची आणि मी वीस वर्षांचा घोडा खिडकीतून बाहेर बघायचो. एकदा मी बटण खिशात घालून पळालो होतो. तू मागून ओरडलीस, आता सांग, बटण कुठं आहे?

वहिनी, घंटीबद्दल लिहायला हे पत्र घेतलं होतं. आईच्या घंटीबद्दल. ती त्या दिवशी कपाटावर कशी गेली, यावरून तुझं घर मोडलं. मला त्याबद्दल काही सांगायचं आहे. मी तेव्हा खोटं बोललो नव्हतो, एवढं खरं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

जेवणाची सुट्टी संपली. मुकादम हाका मारतोय. पाकिटावर माझा पत्ता घातलेला नाही, रागावू नकोस.

भिरभिऱ्या


२ फेब्रुवारी

वहिनी,

क्लास एका टायरच्या दुकानावर आहे. ‘दुकानावर’ म्हटल्यावर मास्तर लगेच विचारतात, टेकून की वरच्या बाजूला? ते टपालखात्यात होते. पस्तीस वर्षं पत्रं वेगळी करण्याचं काम केलं. माणसाचा पत्ता चुकला की माणूस चुकतो, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते म्हणताना माझ्याकडे बघतात.

त्यांची शिकवायची रीत तुझ्यासारखीच आहे, फक्त बटणाच्या जागी ते स्वतःच असतात. दारात उभे राहतात, कोपऱ्यात जातात, एकदा तर टेबलाखाली बसले आणि मग गुडघ्यामुळे उठता येईना. वर्गातल्या आम्ही दोघांनी ओढून काढलं. ते म्हणतात इंग्रजीला तीनच गोष्टी विचारायच्या असतात. वस्तू वेढलेली आहे का? मग इन. टेकलेली आहे का? मग ऑन. नुसता नकाशावरचा ठिपका आहे का? मग ॲट. ऐकायला सोपं आहे. आपण मात्र एका ‘वर’वर सगळा संसार करतो. भिंतीवर, पंख्यावर, रस्त्यावर, कामावर, जिवावर. मी विचारलं, पक्षी झाडावर असतो ना, मग ऑन? तर नाही. पक्षी इन द ट्री, पानांच्या आत. आणि फळ? फळ ऑन द ट्री, कारण ते चिकटलेलं असतं. मी म्हटलं, पक्षी झोपला असेल तर? मास्तर म्हणाले, तू गप्प बस.

बसमध्ये बसलेला माणूस ऑन, मोटारीत बसलेला इन. खुर्चीवर ऑन, आरामखुर्चीत इन. ही बसण्याच्या खोलीची मोजमापं कुणी केली असतील? कुणीतरी बसून बघितलं असेल.

मागच्या शुक्रवारी त्यांनी लिहायला दिलं, ओळखीच्या एका खोलीबद्दल दहा वाक्यं. कुठली वस्तू कुठं. मी न ठरवता आईची खोली लिहायला घेतली. पलंग खिडकीखाली. कपाट समोरच्या भिंतीला लागून. गोधड्या कपाटावर. चपला पलंगाखाली, ज्या तिनं दीड वर्षात घातल्या नव्हत्या तरी तू रोज पुसून ठेवायचीस. आईबद्दल मी लिहिलं, ऑन द बेड. मास्तरांनी दुरुस्त केलं, आजारी होती ना, मग इन बेड. बसलेल्याला ऑन, पांघरुणात असलेल्याला इन. मी म्हटलं, ती बसायचीसुद्धा. ते म्हणाले, स्वतः बसायची की बसवायला लागायचं? मी वाक्य बदललं.

नऊ वाक्यं झाली. दहावं झालं नाही. घंटीचं राहिलं.

ती तूच आणली होतीस. शाळेत विजेची बेल बसवली तेव्हा जुनी पितळी हातघंटी अडगळीत पडली होती, ती तू मागून घेतलीस. आईचं उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती, म्हणून पलंगाच्या डाव्या कठड्याला नाडीनं बांधलीस, तिचा चांगला हात पडेल तिथं. ती वाजली की आपल्यातला कुणीतरी जायचा. खरं तर तूच जायचीस.

आता मुद्द्याचं. काल दादाला फोन केला होता. डेपोत होता, मागे बसच्या इंजिनाचा आवाज. म्हणाला, कागद तयार झालेत, वीस मार्चला कोर्टात दोघांच्या सह्या, मग सुटले दोघं. मी म्हटलं, एवढ्यात? तो म्हणाला दोन वर्षं म्हणजे एवढ्यात नव्हे. मग म्हणाला,

“तिनं एकदा कबूल केलं असतं ना, की केर काढताना उचलली आणि चुकून वर राहिली, तर मी तो विषय पुन्हा काढला नसता. चूक कुणाकडूनही होते. पण शेवटपर्यंत ‘मी नाही, मी नाही’.”

मी म्हटलं, हं. वहिनी, मी एवढंच म्हटलं. हं.

वीस मार्चला अजून दीड महिना आहे. त्याच्या आत मी तुला सगळं लिहिणार आहे. आज मात्र एका दवाखान्याचं सामान हलवायचंय, नुसत्या काचा. लंबूला शिंक आली तर आमची नोकरी जाईल.

भिरभिऱ्या


१९ फेब्रुवारी

वहिनी,

आज काम नाही. मुकादमानं दोन दिवस घरी बसवलंय. शिक्षा म्हणून नाही, तो म्हणाला तू जरा बसून ये. कशामुळे ते सांगतो, मध्ये दुसरीकडे गेलो तर मला परत ओढ.

मंगळवारी एका म्हाताऱ्या जोडप्याचं घर होतं. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. आजींना वीस वर्षं दिसत नाही. चाळीस वर्षांचं घर सोडून ते मुलीच्या शेजारी लहान जागेत चालले होते. आजींना त्या घरात काठी लागत नव्हती. भरभर चालायच्या, वाटेत खुर्ची आली की न अडखळता वळायच्या. आजोबा मला बाजूला घेऊन म्हणाले, बाबा रे, तुमच्या पाटीवर जे लिहिलंय ना, ते इतरांना हौस म्हणून असेल. हिला ते डोळे आहेत.

मुकादमानं झोपायच्या खोलीचा कागद मला दिला. माझं इंग्रजी सुधारलं म्हणून. मी दारात उभा राहून लिहिला. एकही चूक नाही, मास्तरांना दाखवला असता तर त्यांनी पाठ थोपटली असती. पलंगाशेजारी तिपाई, डाव्या बाजूला. तिपाईवर पाण्याचा तांब्या, तांब्यामागं रेडिओ, रेडिओशेजारी औषधाची डबी. नव्या घरात मीच लावलं. दारात उभा राहिलो, कागद बघितला, तिपाई डावीकडे ठेवली, सही ठोकली.

संध्याकाळी आजी आल्या. आजोबांनी हाताला धरून पलंगापर्यंत आणलं. त्या आडव्या झाल्या, दमल्या होत्या. आम्ही खोकी घडी करत होतो. तेवढ्यात त्यांनी पाण्यासाठी हात बाहेर काढला.

हात हवेत गेला. तिथं काहीच नव्हतं. त्यांनी जरा पुढे केला, मग खाली, मग कठड्यावरून चाचपत वर. मग परत पहिल्या जागी आणून थांबवला, जणू ती जागा विसरली असेल आणि आता आठवेल. जुन्या घरात दार पायाकडे होतं, नव्या घरात उशाकडे. मी दोन्हीकडे दारातलं डावं धरलं होतं. तिपाई पलीकडच्या अंगाला होती. दारातून बघणाऱ्याला हातभर अंतरावर. त्यांच्यासाठी ती या घरात नव्हतीच.

खोलीत आम्ही चौघं होतो, आजोबा धरून पाच. कुणी हललं नाही. आजी रागावल्या नाहीत. साध्या आवाजात, जणू वेळ विचारावी तसं विचारलं,

“इथलं कुणी हलवलं?”

मी म्हटलं, “मी.”

वहिनी, एवढाच शब्द. तोंडातून निघून गेला. अर्धं मिनिटही लागलं नाही. आजी म्हणाल्या, बरं, मग तूच दे. मी तांब्या दिला. त्यांनी पाणी पिऊन तोंड पुसलं आणि म्हणाल्या, आता हात लावून दाखवते तिथं ठेव.

ठेवलं. मग जिन्यात येऊन बसलो. लंबूनं आधी टिंगल केली, मग माझ्याकडे बघून तोही खालच्या पायरीवर बसला.

मुकादमानं मात्र सगळी टोळी गेल्यावर मला परत वर नेलं. आजी मुलीकडे जेवायला गेल्या होत्या. आजोबांची परवानगी काढली आणि मला म्हणाला, पलंगावर पड. मी म्हटलं, कशाला? म्हणाला, दारात उभं राहून लिहिलेला कागद अर्धाच असतो. ज्याची खोली आहे तो जिथं असतो तिथं जाऊन बघायचं. पड, आणि हात लांब कर.

मी पडलो. उजवा हात अंगाखाली दाबून घेतला. तसं त्यानं सांगितलं नव्हतं. डावा हात लांब केला. पायाशी कपाट होतं. उभ्यानं ते खांद्याएवढं असेल. पडल्यावर त्याची वरची कड छताला लागल्यासारखी दिसते, आणि वर काय ठेवलंय ते दिसतच नाही. फार तर त्याचा एक तुकडा दिसतो. चमकणारा, पितळी असेल तर.

आज एवढंच जमलं. उरलेलं लिहिल्याशिवाय मी कामावर जाणार नाही.

भिरभिऱ्या


२१ फेब्रुवारी

वहिनी,

घंटी मी ठेवली.

त्या दिवशी तू सकाळी खोली आवरून, आईचे केस विंचरून साडेसातला शाळेत गेलीस. दादा डेपोत. मी तिसरी नोकरी सोडून घरी बसलो होतो, म्हणून एक वाजेपर्यंत आई माझ्याकडे. तू जाताना म्हणालीस, नुसता तिच्या खोलीत बसलास तरी चालेल. मी बाहेरच्या खोलीत जाऊन झोपलो.

ती वाजवत राहिली. पडदा सरकव. पडदा लाव. घड्याळाकडे बोट. दाराकडे बोट, म्हणजे तू कधी येणार. पाणी नको होतं, काही नको होतं. आता कळतं तिला काय हवं होतं, तेव्हाही कळत होतं. अकराव्यांदा वाजली तेव्हा मी उठलो, नाडी सोडली आणि घंटी कपाटावर गोधड्यांशेजारी ठेवली. म्हटलं, आई, आता जरा झोप, पाच मिनिटांनी देतो. ती घंटीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

पाच मिनिटांनी खालून शीळ आली. मित्रानं नवी मोटारसायकल घेतली होती. कोपऱ्यावर जाऊन बघून येतो म्हणून गेलो. एक चक्कर मारली, मग दुसरी. वाऱ्यात फार बरं वाटत होतं. दोन तास गेले.

मी परतलो तेव्हा तू आली होतीस. आई जमिनीवर होती, पलंग आणि कपाट यांच्या मधे, डावा हात कपाटाच्या पायाला लागलेला. तू तिचं डोकं मांडीवर घेतलं होतंस. मग दादा आला, शेजारच्या काकू आल्या. दादानं वर बघितलं आणि विचारलं, खोली कुणी आवरली? तू म्हणालीस, मी. मग घंटी तिथं कुणी ठेवली? तू म्हणालीस, मी नाही. काकू म्हणाल्या, परवाच ही म्हणत होती, त्या घंटीनं डोकं उठतं, फेकून द्यावीशी वाटते. म्हणाली होतीस तू. दीड वर्ष रात्रंदिवस उठणारं माणूस एखादे दिवशी असं म्हणणारच. तेव्हा दादानं माझ्याकडे बघितलं. मला कुणी विचारलं नव्हतं असं मी पहिल्या पत्रात लिहिलंय. ते खोडून टाक. त्यानं डोळ्यांनी विचारलं होतं. आणि मी म्हटलं होतं, मी औषध आणायला गेलो होतो, दहा मिनिटं. म्हणजे खोटंही बोललो होतो.

तूही माझ्याकडे बघितलंस. तुला कळलं होतं का, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी खिडकीकडे बघत होतो, तुझ्या शिकवणीत बघायचो तसाच.

दवाखान्यात दादानं आईला विचारलं होतं, हे तुला माहीत नसेल. तू पाणी आणायला गेली होतीस. तिच्या कानाशी वाकून विचारलं, घंटी कुणी काढली, नुसतं बोटानं दाखव. मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. तिनं डोळे मिटून घेतले आणि हात पांघरुणात ओढला. दादाला वाटलं, तिला सुनेकडे बोट दाखवायचं नाही. तेव्हापासून त्याच्या मनात ते पक्कं झालं. एकोणीस दिवसांनी ती गेली. तिनं मला वाचवलं आणि मी ते घेतलं, लहानपणापासून सगळं घेत आलो तसं. महिन्याभरात तू बॅग घेऊन निघालीस, आणि मी ती बॅग रिक्षापर्यंत उचलून आणून दिली. तू म्हणालीस, सांभाळून राहा.

दोन वर्षं मी स्वतःला एकच सांगत आलो, की घंटी काही लांब नव्हती, तिथंच तर होती, चार पावलांवर. दारातून बघितलं तर तसंच दिसतं.

सोबत त्या खोलीचा जागेचा कागद जोडलाय, त्या दिवशी सकाळी अकराचा. दारातून नाही, पलंगावर पडून दिसेल तसा. मास्तरांना दाखवला. त्यांनी एके ठिकाणी थांबून विचारलं, हाताच्या आवाक्यात नव्हती हे कसं लिहिशील? मला येत नव्हतं. त्यांनी शिकवलं, नॉट विदिन रीच. फळ्यावर लिहिलं नाही, माझ्या वहीत लिहून दिलं. दहावं वाक्य ते झालं. घंटी, ऑन द कबर्ड, नॉट विदिन रीच. पुढच्या रकान्यात ठेवणाऱ्याची सही आहे. या वेळी पूर्ण नावानं केलीय.

असाच दुसरा कागद आणि या पत्राची नक्कल दादाला आज पाठवतोय. मी स्वतः टपालात टाकणार, लंबूच्या हाती देणार नाही.


२९ मार्च

वहिनी,

आता ही हाक चालते का ते मला माहीत नाही. कागदावर वीस तारखेपासून चालत नाही. दुसरी कुठली सुचली नाही.

दादाला माझं पत्र मिळालं त्या दिवशी त्यानं फोन केला. मागे इंजिन नव्हतं, म्हणजे डेपोच्या बाहेर येऊन केला असणार. मग म्हणाला, कोपऱ्यावर? मी म्हटलं, हो, कोपऱ्यावर. म्हणाला, शीळ तुझ्या त्या दोस्तानं घातली? हो. मग त्यानं फोन ठेवला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परवा पुन्हा केला. वीस तारखेच्या आधी तुझ्या दारात आला होता ते सांगितलं. तू त्याला खुर्ची दिलीस, पाणी दिलंस. त्यानं कागद पुढे ठेवला, म्हणाला, हे वाच, माझं चुकलं, परत चल. तो कागद तुझ्याकडेही आलेला होता, तरी तू पुन्हा वाचलास. पेन हातात घेतलंस आणि परत ठेवलंस. आणि म्हणालीस,

“कुणी ठेवली ते तुम्हाला आज कळलं. मी ठेवली नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं.”

वीस तारखेला दोघांनी सह्या केल्या. कोर्टाच्या पायऱ्यांवर तू त्याला म्हणालीस, जेवणाची हेळसांड करू नका, आणि माझ्याबद्दल म्हणालीस, त्याला सांगा, पत्रं पोचली.

मला वाटलं होतं घंटी परत कठड्याला बांधली की सगळं जागेवर येईल. पाटीवर लिहिल्यासारखं. मुकादमाला मी हे सांगितलं. एवढं सगळं नाही, थोडंच. तो म्हणाला, जुन्या घरातलं कपाट उचललं की खाली फरशीवर चार पांढरे ठसे दिसतात ना? नवं घर कितीही तसंच लावलं तरी ते ठसे काही बरोबर येत नाहीत. मग मला खोक्यांकडे पाठवलं.

आजींकडे काल गेलो होतो. काम नव्हतं, असाच. त्यांनी पावलांवरून ओळखलं, म्हणाल्या, तांब्या हलवणारा आला. चहा दिला. तिपाई जागेवर आहे. मी पलंगावर पडून हात लावून बघितलं.

इथं सहा महिने होऊन गेले. मास्तर विचारत होते, पुढं कुठं? मी म्हटलं, अजून ॲट आणि इन पक्कं झालेलं नाही. ते म्हणाले ते खोटं आहे, तुझं पक्कं झालंय. मी म्हटलं, तरी राहतो.

त्या शर्टाचं बटण माझ्याकडेच आहे. इतकी ठिकाणं बदलली, ते बदललं नाही. पाठवणार होतो, पण तो आता तुझ्या घरातला शर्ट नाही.

या वेळी पाकिटाच्या मागे पत्ता लिहिलाय. मास्तरांनी तपासलाय, चूक निघणार नाही. क्लासच्याच इमारतीत खोली मिळालीय. खाली टायरचं दुकान, बाजूनं जिना, पहिल्या मजल्यावर दोन दारं. एक क्लासचं, एक माझं. तू येणार नाहीस ते मला माहीत आहे. तरी लिहून ठेवतो. जिना चढून वर आलं की माझं दार डावीकडे आहे. माझ्या खोलीतून बघणाऱ्याच्या नाही.

चढून येणाऱ्याच्या डावीकडे.